आवाज आवडला, फोटो आल्यावर गाणी दोनच उरली

*मावशी, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, वय 41. दिवसा बँकेत नोकरी, उरलेल्या वेळात गाणं. बारा वर्षं गुरूंकडे शिकले, नाट्यसंगीत आणि भावगीतं गाते. गेल्या वर्षी एका मंडळाने माझं रेकॉर्डिंग ऐकून दिवाळी पहाटेला मुख्य गायिका म्हणून बोलावलं. मग पोस्टरसाठी फोटो मागवला. तीन दिवसांनी फोन आला, 'मॅडम, तुम्ही दोन गाणी आणि कोरस करा, पुढे जरा प्रेझेंटेबल चेहरा ठेवतोय.' मी सावळी आहे, अंगानेही भरलेली. गिळून घेतलं, गायले. कार्यक्रमानंतर एक काकू जवळ येऊन म्हणाल्या, 'तुमचं गाणं डोळे मिटून ऐकलं हो!' घरी येऊन रडले.*

*आता पुढच्या महिन्यात पार्ल्यात पहिल्यांदाच माझा एकटीचा दोन तासांचा कार्यक्रम आहे. ओळखीतली मेकअप आर्टिस्ट म्हणते, दोन शेड उजळ करू, काळी साडी नेस, बारीक दिसशील. पॅकेज अठरा हजार. माझं मानधन त्याहून कमी. नवरा म्हणतो, तू गाण्याकडे लक्ष दे, रूप कोण बघतंय! खरंच कोणी बघत नाही का?*

*— सावळी गायिका, डोंबिवली*

मावशी म्हणालीस, म्हणून मी सरळ अगंतुगंवर येते.

नवऱ्याला सांग, बघतात. तिकीट काढून अंधारात बसलेला माणूस दोन तास दुसरं करणार काय? उजेड एकाच जागी आहे आणि तिथे तू उभी आहेस. एकतीस वर्षं मी दादर-गिरगाव-पार्ल्यात चेहरे रंगवले. पडदा उघडल्यावर पहिल्या रांगेतल्या बायकांची नजर कुठून कुठे फिरते ते विंगेतून पाठ झालंय माझं. आधी साडी, मग गळा, मग केस, मग पुन्हा साडीचा काठ. तोवर तुझा षड्ज लागून गेलेला असतो. 'रूप कोण बघतंय' हे नवऱ्याने प्रेमाने म्हटलं असेल, पण त्यावर विसंबून गबाळी जाऊ नकोस.

मात्र बघतात म्हणजे काय बघतात, इथे तुझ्या मेकअपवालीचा आणि माझा रस्ता वेगळा होतो.

चिया-जुंग त्साय नावाच्या संशोधिकेने, ती स्वतः पियानो वाजवते, 2013 साली एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य संगीताच्या मोठ्या स्पर्धांत शेवटच्या फेरीत पोचलेल्या तिघा-तिघांच्या काही सेकंदांच्या फिती तिने लोकांपुढे ठेवल्या. काहींना नुसता आवाज, काहींना आवाज बंद करून नुसतं चित्र, काहींना दोन्ही. प्रश्न एकच, यातलं जिंकलं कोण? नुसता अंदाज ठोकला तरी तिघांत एकदा बरोबर येणारच. नुसतं ऐकणाऱ्यांना तेवढंही धड जमलं नाही. मुक्यानं बघणाऱ्यांनी मात्र निम्म्याच्या आसपास वेळा विजेता बरोबर ओळखला. आणि 'संगीतात आवाजच महत्त्वाचा' असं आधी छातीठोकपणे सांगणाऱ्यांत पट्टीचे व्यावसायिक वादकही होते, त्यांचंही तेच झालं. पुढे इतरांनी वेगळ्या फिती घेऊन हा प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल फितींच्या निवडीप्रमाणे हलला, त्यामुळे याचा वेद करू नकोस. पण तुझ्या कामाची गोष्ट या प्रयोगाच्या पोटात आहे. एका फेरीत त्सायने वादकांचे चेहरे, कपडे, रंग सगळं काढून टाकलं आणि हालचालींच्या फक्त बाह्यरेषा ठेवल्या. नुसत्या रेघा, बस. तरीही लोकांनी अंदाजापेक्षा चांगलं ओळखलं.

म्हणजे डोळ्यांनी टिपलं ते अंगातलं गाणं. नाक-डोळे आणि कातडीचा रंग तर त्या रेघांत नव्हतेच. हे आपल्याला नवीन नाही गं. भीमसेन जोशींना समोर बसून ऐकलेल्या कुणालाही विचार. ते दोन्ही हात, ती मान, तान घेताना पिळवटणारा चेहरा. त्या क्षणी फोटो काढला असता तर तुझ्या मंडळवाल्याने त्यांनाही कोरसला बसवलं असतं.

तेव्हा पहिली गोष्ट. यापुढे कुणी फोटो मागितला तर सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठव. गाताना, उभ्याने, चेहरा आणि हात दिसतील असा. आवाज आवडलेल्या माणसाने फोटो बघून मत बदललं, कारण फोटोत तुझं गाणंही नव्हतं आणि हालचालही नव्हती. उरलं काय, तर पासपोर्टला लावावं तसं एक तोंड. बँकेतल्या ओळखपत्रावरचाच तर नव्हता ना पाठवलास?

कपड्यांबद्दलही असंच एक काम झालेलं आहे, व्हायोलिन वाजवणाऱ्या चार बायकांवर. त्यांना वेगवेगळे कपडे घालून चित्रित केलं, मैफिलीचा लांब पोशाख, जीन्स, नाइटक्लबला जाण्याचा तंग पोशाख. वर ध्वनिमुद्रण मात्र एकच चिकटवलं. सूर तोच, तरी तंग पोशाखातल्या बाईचं तंत्रसुद्धा लोकांना कमी वाटलं. हे वाचलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. आपल्याकडे कीर्तनकार टी-शर्टवर उभा राहिला तर त्याचा अभंगही लोकांना ढिला वाटेल. आणि लावणीला बाई सुती पंजाबी ड्रेस घालून आली तर तिचं घुंगरू कितीही चोख वाजो, शिट्टी येणार नाही. माणसं डोक्यात एक चित्र घेऊन येतात आणि समोरचं त्याच्याशी ताडून बघतात. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला त्यांच्या डोक्यात काठपदराची साडी, अंबाडा किंवा वेणी, ठसठशीत कुंकू किंवा टिकली असं काहीतरी असतं. ते तुझ्याकडे कपाटात आहे. त्याला अठरा हजार लागत नाहीत.

त्या डोक्यातल्या चित्रात गोरी आणि शिडशिडीत बाईच असते का? असते, कबूल करू या. आणि बायकांच्याच बाबतीत जास्त असते. पोट सुटलेला गायक आला की लोक म्हणतात 'भारदस्त', त्याच मापाची गायिका आली की म्हणतात 'जाड झालीय'. मी कितीतरी गायकांचे झब्बे ताणून-ताणून बटणं लावून दिली आहेत, एकालाही कुणी 'कोरसला जा' म्हटल्याचं आठवत नाही. हा अन्याय आहे आणि तो तू फाउंडेशनच्या बाटलीने सोडवू शकत नाहीस.

बाटलीवर आलोच आहोत तर माझंच एक पाप सांगते. पंचवीसेक वर्षं झाली असतील. एक नटी, चांगली सावळी, तेजस्वी, डोळे असे की शेवटच्या रांगेपर्यंत पोचावेत. निर्माता म्हणाला, 'हिला जरा उजळा.' मी नवी नव्हते, नाही म्हणू शकत होते. नाही म्हटलं नाही. चेहरा दोन शेड वर नेला, मानेपर्यंत ओढला, हात राहिले. वेळ नव्हता. दुसऱ्या अंकात तिला बातमी कळते आणि ती दोन्ही तळहात गालांवर ठेवते असा प्रसंग होता. तिने ठेवले. पिवळट चेहऱ्यावर तपकिरी हात, जणू दुसऱ्याच कुणीतरी मागून येऊन तिचे गाल धरलेत. तिसऱ्या रांगेत एक पोरगा खुदकन हसला. मग त्याच्या शेजारचा. प्रसंग मेला. मध्यंतरात ती मला एका शब्दाने बोलली नाही, फक्त बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं आणि म्हणाली, 'मावशी, आता माझ्या रंगाचं लावा.' तिसऱ्या अंकात तिने नाट्यगृह डोक्यावर घेतलं.

तू माइक हातात धरून गाणार असशील तर हे विसरू नकोस. तुझी मूठ अख्खे दोन तास तुझ्या हनुवटीला लागून असणार आहे. लोकांना तुलना करायला यापेक्षा सोपी सोय नाही.

शिवाय आता दिवे बदललेत. पूर्वीच्या हॅलोजनच्या उजेडात पिवळेपणा असायचा, त्यात थोडं इकडचं तिकडे झालं तरी खपून जायचं. आताचे एलईडी पांढऱ्यावर ठेवले की सावळ्या कातडीवरचं उजळ फाउंडेशन राखेसारखं दिसतं. त्यावर चकाकणारी पावडर मारली आणि कुणी फ्लॅश मारून फोटो काढला की कपाळ पिठात बुडवल्यासारखं येतं. तुझ्याच रंगाचं फाउंडेशन घे. जबड्याच्या रेघेवर लावून दिवसाच्या उजेडात बघ, दिसेनासं झालं की ते तुझं. वर साधी पावडर, घाम येतो म्हणून. काजळ आणि ओठ मात्र रोजच्यापेक्षा एक पायरी जास्त, कारण दहाव्या रांगेपुढे ओठ पुसट होतात आणि शब्दही पुसट ऐकू आल्यासारखे वाटतात. भावगीतात हे परवडणार नाही.

प्रकाशयोजनेच्या माणसाला चहा पाज. खरंच सांगते. तालमीला वेळ नसेल तरी अर्धा तास आधी जाऊन त्याला म्हण, 'दादा, समोरून दोन्ही बाजूंनी अंबर, म्हणजे पिवळसर केशरी उजेड द्या, आणि निळा नका टाकू माझ्यावर.' डोक्यावरून सरळ खाली पडणारा एकच दिवा असेल तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो, कितीही सुंदर बाई रात्रभर जागल्यासारखी दिसते. हा एक चहा तुझ्या अठरा हजारांच्या पॅकेजपेक्षा जास्त काम करेल.

काळी साडी. एरवी काळा रंग बारीक दाखवतो म्हणतात, पण रंगमंचावर मागे काळा पडदा असतो. काळ्यावर काळं गेलं की शरीर गायब होतं आणि हवेत तरंगणारं एक तोंड आणि दोन हात उरतात. भुताच्या नाटकात मी हेच करायचे. पांढरी किंवा मोतिया साडीही नको, तिच्यावर उजेड एवढा उसळतो की शेजारी चेहरा आणखी गडद वाटतो, व्हिडिओत तर फारच. मोरपंखी, डाळिंबी, वांगी रंग, यांतलं काही बघ. सावळ्या कातडीवर हे रंग असे खुलतात की गोऱ्या बायका हेव्याने बघत बसतात. नवी कोरी कडक साडी नेसू नकोस, दोनदा नेसलेली घे. ब्लाउजचे हात खांदा वर उचलला तरी ताणता कामा नयेत. काचेच्या बांगड्या माइकच्या हातात नकोत, किणकिणतात आणि ध्वनिमुद्रणवाला मनात शिव्या घालतो.

वजनाचं थोडक्यात. तब्येतीसाठी कमी करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून वर्षभर कर. एका महिन्यात कार्यक्रमासाठी उपाशी राहिलीस तर दमसास जाईल आणि बारीक झाल्याचं पार्ल्यात कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता मला तुला जे मुख्यतः सांगायचंय ते. बालगंधर्वांचं नाव तुझ्या गुरूंकडे हजारदा ऐकलं असशील. जन्म 1888 चा. 1911 साली मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, त्यातली नायिका भामिनी तेच. त्यांच्या साड्या, दागिने, केशरचना बघून तेव्हाच्या बायका नटायच्या. ते सगळं जाऊ दे. मला नेहमी नवल वाटतं ते पुढच्या वर्षांचं. वय साठीकडे झुकलं, अंग सुटलं, चेहरा ओघळला, तरी हा माणूस शालू नेसून तरुण नायिका म्हणून उभा राहत होता आणि प्रेक्षक येत होते. कुरकुरणारे होतेच. तरुणपणी कमावलेलं रूप आणि नाव गाठीशी होतं, तेही खरं, तुझ्याकडे ती शिल्लक नाही. पण त्या माणसाने आपण शोभतोय की नाही अशी शंका अंगावर घेऊन कधी प्रवेश केला असेल असं मला वाटत नाही. माझी आजी त्यांच्याबद्दल बोलताना हाताने पदर सावरून दाखवायची. पदर सावरणं त्यांच्याकडे अभिनय होता. तू पदर सावरशील तेव्हा तो काय असेल?

मला तुझ्या पत्रावरून दिसतंय ते सांगते. तू विंगेतून माइकपर्यंत आठ-दहा पावलं चालत येशील. त्यात एकदा पदर पोटावरून ओढशील. माइकपाशी उभं राहून पुन्हा एकदा. हसताना खाली बघशील. पहिल्या गाण्याच्या वाद्यमेळात डावा हात आपोआप दंडाकडे जाईल, ब्लाउज खाली ओढायला. प्रेक्षकाला तोवर तू जाड आहेस की बारीक याचं काही पडलेलं नव्हतं. आता पडलं, कारण तूच बोट दाखवलंस. लोक हाताच्या मागे जातात, जादूगाराचं सगळं पोट त्यावर चालतं. ज्या जागेकडे तुझा हात वारंवार जाईल तिकडे चारशे माणसं बघतील. आणि जी बाई स्वतःच संकोचलेली आहे तिचं गाणं ऐकताना प्रेक्षकही आखडून बसतो, तिच्या वतीने त्याला घाम फुटतो. उजळवलेला चेहरा हेच करेल. तो पुसला तर जात नाही ना या भीतीत तू घामसुद्धा टिपणार नाहीस.

म्हणून पदराला तीन ठिकाणी पिन लाव, खांद्यावर, छातीपाशी आणि कमरेला, आणि मग तो पदर तुझा नाहीच असं समज. चालत ये, उभी राहा, श्वास घे, समोर बाल्कनीच्या कठड्याकडे बघ, मग तंबोऱ्याकडे कान दे. घाई करू नकोस. प्रेक्षकांना तुला बघून घ्यायचंय, बघू दे की. चार-पाच सेकंदांत त्यांचं बघून होतं. तिथे लपाछपी झाली नाही तर ते पुढे ऐकायला लागतात.

मंडळवाल्यांबद्दल. पुन्हा कुणी 'प्रेझेंटेबल' म्हणालं तर शांतपणे विचार, 'म्हणजे नेमकं काय हवंय? साडीचा रंग सांगता का?' साडी, दागिने, पोस्टरचा रंग यांबद्दल बोलले तर ऐक, तो त्यांचा हक्क आहे. रंग आणि मापाबद्दल बोलले तर सांग, 'मग मला नाही जमणार,' आणि फोन ठेव. मुख्य गायिका म्हणून ठरलेलं मानधन कोरस झाल्यावरही तेवढंच होतं का गं? ते तू पत्रात लिहिलं नाहीस. यापुढे काय गायचं, किती गाणी आणि किती पैसे, हे व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घे, आणि थोडा अॅडव्हान्स. लिहिलेलं असलं की माणसं चेहऱ्यावरून इतक्या सहज फिरत नाहीत.

आणि त्या काकू. मी तीनदा वाचलं ते वाक्य. 'डोळे मिटून ऐकलं हो.' अगं, आपल्याकडे ही दाद आहे! समोर एखादी आलापी रंगली की जुने रसिक डोळे मिटून मान डोलावतात, त्यांना काय गवयाचं तोंड बघवत नसतं? 1927 साली मुंबईत रेडिओ सुरू झाला तेव्हापासून तर चार पिढ्या नुसत्या आवाजावर जीव टाकत आल्या. त्या बाईने तुला तिच्याकडचा सगळ्यात मोठा हार घातला आणि तो तुला चिमट्यासारखा लागला, कारण मंडळाच्या त्या फोनाने तू आधीच सोलवटलेली होतीस. पार्ल्यात त्या आल्या तर त्यांना पुढची खुर्ची दे.

एक काम सांगते, या रविवारी कर. ठरवलेली साडी, ठरवलेलं ब्लाउज, पिना, चपला सगळं घालून घरात उभी राहा. फोन दाराच्या कडीला टेकवून दहा पावलांवर ठेव. स्वयंपाकघरातून चालत ये, दोन गाणी पूर्ण गा, हातात लाटणं धर माइक म्हणून. मग ते चित्रण आवाज पूर्ण बंद करून बघ. पोट, दंड, रंग काही बघू नकोस. फक्त मोज, दोन गाण्यांत डावा हात पदराकडे किती वेळा गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. दोन्ही आकडे मला कळव, आणि साडी मोरपंखी घेतलीस की डाळिंबी तेही.

— मावशी